महानंदाची सही

"कावून, सर?"

माझ्या नोकरीतल्या पहिल्याच तासाला मुलींच्या बाकांवरून हा प्रश्न आला. मागणी वाढली की किंमत वाढते, एवढंच मी फळ्यावर लिहिलं होतं. वर्ग हसला. विचारणारी मुलगी मात्र हसली नाही. "आमच्या दुकानात काड्यापेटी लई खपती, तरी तिची किंमत तेवढीच हाय. कावून?" तो सबंध तास मी काड्यापेटीवर घालवला आणि घामाघूम होऊन बाहेर पडलो. तिचं नाव महानंदा. 'का' असं विचारताना तिच्या आवाजात उद्धटपणा नसायचा. गिऱ्हाइकानं भाव विचारावा इतक्या सहज ती विचारायची.

ती नेकनूरची. तिच्या वडिलांचं, अप्पांचं, तिथे किराणा दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात सतत कुणाची तरी चौकशी, असा हा माणूस. त्या वर्षांत खेड्यांतल्या दुकानांतही शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या आणि बीडमध्ये गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते. महानंदा रोज एस.टी.नं बीडच्या आमच्या कॉलेजला यायची. उभ्यानं प्रवास करून आली तरी प्रसन्न असायची. "बसायला मिळालं की झोप लागती, सर. उभं ऱ्हायलं की पाठांतर व्हतं," असं तिचं म्हणणं.

त्याच सुमाराला कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणांवर विद्यार्थी प्रतिनिधी नेमायचा नियम आला. महानंदा पहिली आली होती. गरीब विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या समितीवर तिची नेमणूक झाली, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. अभ्यासू मुलगी, सही करील आणि जाईल! आदल्या वर्षीचा प्रतिनिधी पोहे खाऊन, सही ठोकून पाच मिनिटांत गेला होता. समितीचा सचिव मी होतो. यादी मात्र संस्थेच्या उपाध्यक्षांच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, घरून टाइप होऊन यायची. नानासाहेब मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार प्रस्थ. प्राचार्यसुद्धा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसत.

पहिल्या बैठकीत महानंदानं पोहे खाल्ले, बशी बाजूला सारली, हात पुसले आणि यादी अगदी शेवटच्या नावापर्यंत वाचली.

"पोहे चांगले हायत," ती म्हणाली. "यादी न्हाई."

प्राचार्यांचा चहा कपातच राहिला. नानासाहेबांनी भुवया उंचावल्या. "काय खोट हाय गं पोरी?"

"ह्यो राजेंद्र रोज फटफटीवर येतो. आमच्या एस.टी.ला मागं टाकतो आन् वर हात करतो. त्याला मदत कावून?"

मी कपात बघत राहिलो. राजेंद्र माझ्या घरमालकाचा मुलगा. घरमालकांनी गळ घातली आणि मला नाही म्हणवलं नाही, म्हणून ते नाव मीच नानासाहेबांना सुचवलं होतं. "हे नाव कुणी दिलं?" प्राचार्यांनी विचारलं. मी कप तोंडाला लावला.

"आन् ऊसतोडीवाल्यांची पोरं कुठं हायत? माझ्या वर्गातल्या तिघींनी अर्ज केलते."

याचं उत्तर मला द्यावंच लागलं. अर्जावर पालकाची सही नसेल तर अर्ज बाद, असा नियम होता. दसरा झाला की या मुलांचे आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. त्यामुळे त्यांच्या पोरांचे अर्ज दर वर्षी न वाचताच बाद होत.

"यादीत कोण हाय ते समदे बघतात," महानंदा म्हणाली. "कोण न्हाई, ते बी कुणी बघावं की."

नानासाहेब हसले. "आठ दिवस देतो. आण जा सह्या. आणल्यास तर बघू." बाकीचेही हसले.

पुढचं मला अप्पांनी नंतर सांगितलं. ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि बापलेक एस.टी.नं कडा गावाला गेले. बाद झालेल्या बहुतेक पोरांचे आईबाप तिकडच्याच उसात होते. "पायांला उसाचं वाळलं पाचट टोचतंय, अंगाला त्याची बारीक कूस लागलीय, आन् ही आपली पुढं पुढं!" अप्पा सांगत होते. "अंगठा म्हटलं की माणसं बिचकायची. त्यांला वाटायचं, मुकादमाच्या कर्जाचाच कागद. मग ही खाली बसायची, पोराचं नाव सांगायची, अर्ज वाचून दाखवायची. एक बाई तर म्हणली, थांब बाई, हात धुऊन येते. लेकीच्या कागदावर अंगठा चांगला उठू दे."

आठव्या दिवशी महानंदानं टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवला. निळे अंगठे, मातीचे डाग. काही अर्जांना उसाचा चिकट वास होता. नानासाहेब एकेक अर्ज उलटत गेले.

"तुझ्यावर इश्वास कसा ठेवला गं एवढ्यांनी?"

"तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, नानासाहेबांनी पाठवलंय. खोटं न्हाई, तुमीच म्हणलात की, आण जा म्हून."

"मग? काय म्हणले लोक?"

"म्हणले, साहेबाला आमची आठवण हाय म्हणायची."

नानासाहेब असे गडगडून हसले, की शिपाई दार उघडून आत डोकावला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "सर, लिवा ही नावं."

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. राजेंद्रचं नाव मीच दिलं होतं, ते काढावं, असं मी म्हणालो.   महानंदानं पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "खावा सर. गार व्हायलेत."

महिनाभरात घरमालकांनी मला खोली सोडायला सांगितली. अप्पांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे दुसरी शोधून दिली. तिथे ऊन यायचं आणि भाडंही कमी होतं.

त्या वर्षीच्या परीक्षेत महानंदा दुसरी आली. बहुधा धावपळीत अभ्यास मागे पडला असावा. समितीवरची जागा नियमाप्रमाणे दुसऱ्याकडे गेली. मला वाईट वाटलं, तिला नाही. "दुसरा नंबर बी नंबरच हाय की," ती म्हणाली. आज ती लातूरकडच्या एका शाळेत शिकवते. तिचा वर्ग तिला कसले कसले प्रश्न विचारत असेल, याची कल्पना करून मला हसू येतं.

त्या वर्षी गुणपत्रिका घेऊन निघताना ती दारातून परत आली होती.

"सर, एक सांगू? नव्या प्रतिनिधीला एकट्याला बसवू नका. दोघं बसवा."

"का गं?"

"त्या दिवशी यादी वाचताना माझे पाय लटलट कापत व्हते. टेबल व्हतं म्हून कुणाला दिसलं न्हाई. शेजारी कुणी असतं, तर एवढी भ्याले नसते."

पुढच्या बैठकीच्या दिवशी मी स्वतः स्टाफरूममधून एक खुर्ची उचलून आणली. नानासाहेबांनी त्या जादा खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवून घेतली.