खालची जागा राखीव

आमच्या पेठेत कोण गेलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, पंचगंगा किती फुटांवर आली, नळाला पाणी कधी येणार, हे सगळं तालमीच्या भिंतीवरचा काळा फळा सांगतो. गेली चाळीसएक वर्षं तो फळा भूपाल चौगुले लिहीत होता. सकाळी सहाला ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं आणि आजचं लिहायचं, हा त्याचा नेम. ताप असो की घरात लग्न असो, नेम चुकला नाही. म्हणून त्या दिवशी सात वाजता रंकाळ्यावरून फिरून येताना फळ्यावर कालचंच वाक्य तसंच दिसलं, तेव्हा माझे पाय जागच्या जागी थांबले. ‘उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा.’ त्याखाली खडूची आडवी रेघ. रेघेखाली अर्धा फळा मोकळा आणि त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच शब्द, ‘राखीव’... कट्ट्यावर बसलेला कुणीतरी उठून जवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, आप्पा पहाटं गेलं.” ते मला फळ्यानं आधीच सांगितलं होतं. तो ‘राखीव’ शब्द माझ्यासाठी होता. भूपाल तो रोज सकाळी नव्यानं लिहायचा आणि मी रोज सकाळी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचो. असं सात महिने चाललं होतं.

सगळी पेठ त्याला आप्पा म्हणायची. मी भूपालच म्हणायचो. आम्ही एका वयाचे, एका तालमीच्या लाल मातीत लोळलेले. मी पुढे शाळामास्तर झालो, तालमीचा सचिव झालो. तो उद्यमनगरात लेथवर राहिला. लोखंडावर खुणा करायला लागणारा खडू त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा, त्यामुळे त्याचे सगळे शर्ट डाव्या बाजूला पांढरे. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. मी एकदा म्हटलं, माझं अक्षर बरं आहे, फळा मी लिहीत जातो. तर मोठ्यानं हसला. “अक्षर तुझं चांगलंच हाय मास्तर, पण तू लिवण्याआधी चारदा इचार करणार. तवर पाणी येऊन जाईल की!” हे त्यानं पाच-पंचवीस माणसांसमोर सांगितलं. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

फळ्याची कथा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बावीस-तेवीस वर्षांचे असताना निवडणूक लागली. एका बड्या कंत्राटदारानं घरटी स्टीलचा एकेक डबा वाटला. आमच्या थोरल्यांनी तो निमूट घेतला. आजवर घेतच आले होते. आम्ही पोरांनी मात्र घरोघरी जाऊन डबे गोळा केले आणि तालमीसमोर त्यांचा ढीग घातला. काय शिव्या खाल्ल्या म्हणून सांगू! पोरं हाताबाहेर गेली, थोरल्यांचा मान ठेवत नाहीत, असं जो तो म्हणत होता. त्या ढिगावर उभा राहून भूपाल ओरडला होता, “एकट्याला इकत घेता येतंय, पेठंला न्हाय!” तेव्हापासून रीत पडली. निवडणुकीआधी पेठेनं तालमीत बसायचं, एक माणूस ठरवायचा, गुलाल लावून शब्द द्यायचा आणि सगळ्या पेठेनं तिथंच मत टाकायचं. त्याच आठवड्यात भिंतीला काळा रंग मारून फळा केला. त्याचाही नियम भूपालनंच घातला. लिहिलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली आपलं उत्तर लिहायचं आणि नाव घालायचं. फुटबॉलच्या सामन्यात पंच चुकला की नाही, यावर त्या फळ्यावर जी भांडणं झाली, ती छापली तर ग्रंथ होईल.

तर आता प्राची. भूपालच्या थोरल्या मुलाची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. ही पिढी मला कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मला वाटायचं, यांना मोबाईलपलीकडं जग नाही. पेपर वाचत नाहीत, सभेला येत नाहीत, हाक मारली तर कानातली ती बोंडं काढून ‘काय?’ म्हणतात. बरं, रीतभात सोडली म्हणावं, तर ही पोरगी पर्युषणातले उपास तिच्या आज्जीपेक्षा कडक करते. सोवळी म्हणावं, तर पारणं झालं की पोरांबरोबर मैदानात बूट घालून फुटबॉल खेळते. कुठल्या खणात ठेवायची हिला? भूपालला मी हे विचारलं, तर म्हणाला, “खणात कशाला ठेवतोस, भांडं हाय व्हय ती?”

गेल्या महापालिकेच्या निवडणुकीत नेहमीप्रमाणे पेठेची बैठक ठरली. उमेदवारही साधारण नक्की होता, चांगला माणूस. त्या सकाळी फळ्यावर भूपालच्या कोंबडीच्या पायांत लिहिलं होतं, ‘आज संध्याकाळी सात वाजता तालमीत पेठेची बैठक. सर्वांनी यावे.’ आणि त्याच्याखाली रेघ मारून गोल, ताज्या अक्षरात, ‘सर्वांनी म्हणजे कुणी? बैठकीला आम्हाला आजवर कुणी बोलावलं नाही. आमचं मत तालमीनं ठरवायचं नाही, आम्ही ठरवू.’ खाली तेवीस नावं. पहिलं प्राचीचं. बाकीच्यांतल्या एकाच्या मोटारसायकलवर भगवा, दुसऱ्याच्या निळा, तिसरा कुठल्याच झेंड्याला न मानणारा. एरवी हे तिघं एका कट्ट्यावर चहा पिणार नाहीत, पण सह्या ओळीनं केलेल्या. मी उभ्या उभ्या तापलो. संध्याकाळी उमेदवार येणार, हे वाचणार आणि पेठ फुटली म्हणून गावभर सांगणार. चाळीस वर्षांत जे कुणाला जमलं नाही, ते या पोरांनी एका खडूनं केलं... मी खिशातला रुमाल काढला आणि रेघेखालचं सगळं पुसून टाकलं. आणखी एक गोष्ट आजवर कुणाला बोललो नाही, ती इथं सांगतो. त्या तेवीस नावांत चौथं नाव माझ्या नातवाचं होतं.

तासाभरात भूपाल घरी आला. दारातच उभा राहिला.

“फळा तू पुसलास?”

“मीच. चौकात तुझ्या नातीशी भांडत बसू काय?”

“व्हय. भांडायचंच की! त्यापायीच तर काळा रंग मारलाय भिंतीला.”

“भूपाल, अरे ही रीत तू पाडलीस. ढिगावर तू उभा होतास. उद्या हे सगळे एकेकटे झाले आणि परत कुणी डबे वाटले म्हणजे?”

त्यावर तो आवाज चढवील, असं मला वाटलं होतं. तो दाराच्या चौकटीला टेकला. “ते मलाबी कळत न्हाय,” म्हणाला, “पण पुसायचं नव्हतंस, मास्तर. खाली लिहायचं.” आणि चहा न घेता गेला. पन्नास वर्षांत तो आमच्या घरातून पहिल्यांदाच चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर रेघेखाली ‘राखीव’ आलं. माझं नाव त्यानं कधी घातलं नाही. पण पेठेत कुणाला कळायचं राहिलं नव्हतं.

बैठक झाली, गुलाल लागला, शब्द दिला गेला. भूपाल एका कोपऱ्यात बसून होता. मतदानाला शाळेच्या रांगेत तो नेमका माझ्या मागं. “जेवलास काय?” त्यानं विचारलं. मी मान वळवली नाही. बाहेर आल्यावर मात्र सवयीनं तोंडातून गेलंच, कुणाला दिलंस? चाळीस वर्षं मी पेठेत प्रत्येकाला हेच विचारत आलो. सचिवाचं कामच होतं ते. भूपाल शाई लावलेलं बोट बघत उभा होता. “मास्तर, मलाबी कळंना झालंय रे सगळं,” तो म्हणाला. “बटण दाबायच्या आधी सगळी नावं वाचली बघ. पैल्यांदाच.” मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी तडक निघून आलो. आमचं शेवटचं बोलणं ते. एवढ्यावर राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्याचा रागही येतो. असं अर्धवट बोलून माणसानं जाऊ नये.

निकालाच्या दिवशी आमचाच माणूस निवडून आला. मी मनात म्हटलं, बघा, पेठेचा शब्द! तर गुलालात माखलेल्या पोरांत प्राची पुढं. मला राहवलं नाही. तिला बाजूला घेऊन विचारलं, तू कशी काय नाचतेस? ती सहज म्हणाली, “मी पण त्यालाच दिलं की, आजोबा. माणूस बरा हाय.” मी चक्रावलो. मग एवढा तमाशा कशाला केलास? तर म्हणते, “तुम्ही मला विचारलं असतं, तर तेव्हाबी हेच सांगितलं असतं.” ज्याला द्यायचं त्यालाच दिलं, मग बदललं काय? आणि काहीच बदललं नसेल, तर माझी झोप का उडाली? परत डबे आले तर काय करशील, असंही मी तिला विचारलं. “परत गोळा करू की,” म्हणाली. मी हे असं, उलटसुलट, अजून मनाशी घोळवतो आहे. आम्ही एका तोंडानं बोललो म्हणून पेठ वाचली, हे खरं आहे. या पोरांना ते एक तोंड नको आहे, हेही खरं आहे. दोन्ही खरं कसं असेल, ते मला कळत नाही.

भूपाल गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी, सुशीलावहिनींना भेटायला गेलो. त्या भूपालच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या आपणहून म्हणाल्या, “फळ्यावर लिवायच्या आदल्या दिवशी पोरीनं मला इचारलं, आज्जी, तू आजवर मत कुणाला दिलंस? मी म्हटलं, तालमीला. ह्यांचं जेवण चाललंतं. हातातला घास तसाच राहिला.”

“काय म्हणाला मग?”

“भाकरी मोडत बसलं. मग म्हटलं, चाळीस वर्सं झाली, तुला मी कधी इचारलंच न्हाय व्हय गं?”

मला तालमीतल्या बैठका आठवल्या. आम्ही पुरुष गुलाल लावून उठायचो, मी घरोघरी जाऊन कर्त्या माणसाला नाव सांगायचो, तो आत स्वयंपाकघरात सांगायचा. पेठ म्हणजे सगळी पेठ, असं आम्ही छातीठोकपणे म्हणायचो. आत कुणी काही विचारलं असेल का, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. घरी आल्यावर आमच्या हिला विचारावं असं वाटलं. ती दारात भाजी निवडत बसली होती. धीर झाला नाही.

इकडे फळा तसाच होता. पोरांनी शेजारी भूपालचा मोठा फ्लेक्स लावला, त्यात त्याला कोट घातलेला. जन्मात त्यानं कोट घातला नव्हता. पण फळ्याला कुणी हात लावेना. महिना होत आला तरी ‘उद्या पाणी येणार नाही’ तिथंच, आणि पाणी रोज येतंय. मग एका सकाळी प्राची आमच्या दारात उभी राहिली. हातात ओलं फडकं आणि खडूचा खोका. “वरचं मी पुसते, आजोबा. खालचं आप्पांनी तुमच्यासाठी ठेवलंय. ते झाल्याशिवाय मला उद्याचं लिहिता येत न्हाय.”

गेलो. कट्ट्यावर माणसं होतीच. तिनं वरचं पुसलं, मला खडू दिला आणि बाजूला झाली. आठ महिने मी मनात कितीतरी वाक्यं तयार केली होती, मास्तरच ना मी. पुसलं ते चुकलं, असं लिहिता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तेवढ्यानं भूपालचं समाधान झालं नसतं. त्याला माफी नको होती, उत्तर हवं होतं. शेवटी माझ्या त्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘मलाबी कळंना झालंय.’ खाली नाव घातलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला प्राचीनं ते नियमाप्रमाणे पुसलं आणि पाण्याची वेळ लिहिली. आता मी फळ्याच्या बाजूनंच जातो.

खडू मात्र तिला परत द्यायचा राहिला. तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे. परवा कपडे भिजवताना आमची ही म्हणाली, “अहो, ह्यो खिसा कशानं पांढरा झालाय सगळा?” मी म्हटलं, ते राहू दे. एक सांग... तू आजवर मत कुणाला दिलंस?

तिनं हातातला शर्ट बादलीत सोडला.

“आत्ता इचारताय व्हय?” म्हणाली.