हसऱ्या कादंबरीतलं सातवं प्रकरण

माझ्या नवऱ्याने आमच्या संसारावर कादंबरी लिहिली आणि छापून येईपर्यंत मला एक ओळही दाखवली नाही. सरप्राइज, म्हणे. मुखपृष्ठावर लाटणं उगारलेली जाडी बाई आणि टेबलाखाली लपलेला चष्मेवाला माणूस. मागच्या बाजूला, 'लग्न आणि नातेसंबंधांवरची खुसखुशीत कादंबरी'. मी जन्मात कुणावर लाटणं उगारलेलं नाही. ते चित्र बघून मात्र पहिल्यांदा हात शिवशिवले.

सातवं प्रकरण मी ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं. कोलकात्यात नवीन आलेली नायिका वेंधळेपणाने भलत्याच बसमध्ये बसते, शहराच्या पार उत्तरेला बागबाजारला उतरते, बंगाली कळत नाही म्हणून प्रत्येकाला 'हो हो' म्हणत सुटते आणि अख्खा इलिश मासा गळ्यात मारून घेऊन घरी येते. नायक कपाळावर हात मारून घेतो. प्रकरण संपतं.

मासा खोटा होता. बस खरी होती.

नवरा रेल्वेत. त्याची कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नागपूरहून भावाचा फोन आला, "बाबांचं काही खरं नाही, लगेच नीघ." नवऱ्याने दुपारच्या गाडीचं तिकीट तेवढं काढून दिलं. सोबत येणं सोडाच, हावडा स्टेशनपर्यंतही आला नाही. "मीटिंग टाकून कसा येऊ? बस थेट जाते, शेवटच्या स्टॉपला उतर," असं सांगून त्याने फोनवर बसचा नंबर दिला. मी तो तळहातावर पेनने लिहून घेतला, त्याच नंबरची बस पकडली, शेवटच्या स्टॉपचं तिकीट मागितलं. शेवटचा स्टॉप बागबाजार निघाला. मी रस्त्यात रडायला लागले, तेव्हा भाजी विकणारी एक बाई आपली टोपली शेजारणीच्या हवाली करून मला घाटावर घेऊन गेली आणि हावड्याच्या लाँचमध्ये बसवून दिलं. गाडी गेलेली होती. मी पुढच्या गाडीने, जनरलच्या डब्यात उभी राहून गेले. पोचले तेव्हा बाबांना अग्नी देऊन माणसं परतली होती.

हे सगळं त्याला माहीत होतं.

सॉल्ट लेकमधल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाने पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला. वाचायला त्याने नेमकं सातवंच प्रकरण निवडलं. लोक डोळे पुसून पुसून हसत होते. मग निवेदक म्हणाले, "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

मी गेले. माइक हातात घेतला. "लेखकांना एकच विचारायचंय. बसचा नंबर कुणी सांगितला होता?"

तो हसला. "अगं, काल्पनिक आहे ते."

"बस काल्पनिक नव्हती. मी हावड्याला निघाले होते. माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते. नंबर तुम्ही सांगितलात."

निवेदकांनी घाईघाईने चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"तू माझी छापून काढलीस."

"तुला विनोद म्हणून कळतच नाही."

"बाबा कुठे गेले त्यातून?"

"ते घातलं असतं तर प्रकरण हसरं राहिलं नसतं," तो म्हणाला. आमटीत गूळ किती घालायचा हे सांगावं तितक्या सहज. चुकीचा नंबर मी एकदा माफही केला असता. हे वाक्य नाही करणार.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या बायकांचे फोन. "घरातलं घरात ठेवावं हो." "किती प्रेमाने लिहिलंय त्यांनी!" एकीला मी सरळ म्हटलं, "तुमच्या नवऱ्याला लिहायला सांगा, मीही हसेन." तिने पुन्हा फोन केला नाही. सगळ्यांत एका म्हाताऱ्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मग वडील भेटले का गं?"

दुसरी आवृत्ती निघायची वेळ आली तेव्हा तो जेवताना म्हणाला, "सातवं काढून टाकू का?"

"काढू नकोस. खरं लिही. नंबर तू सांगितलास, एवढं एकच वाक्य घाल."

"मग नायक वाईट दिसेल."

"दिसू दे."

आवृत्ती जशीच्या तशी निघाली. आता त्याने दुसरा भाग लिहायला घेतलाय. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. गॅस संपलाय, इस्त्रीचे कपडे आलेत, पाणी जाणार आहे. यातून काय खुसखुशीत काढायचं ते खुशाल काढावं.