हात केला की थांबायचं

रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. हात कशासाठी केला हे बघायची त्याची पद्धत नव्हती. कुणी घाम पुसत असायचा, कुणी म्हैस हाकत असायचा, कुणी पलीकडच्या बांधावरच्या भावकीला हातवारे करून चार शब्द ऐकवत असायचा. हा थांबायचा, खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि विचारायचा, "येता का?" मग मागे वळून, "सरका, सरका. त्यांनी हात केलाय."

भंडारदऱ्याला तुम्ही गेला असाल तर धरणाच्या वरच्या अंगाला, वाड्यांकडे जाणाऱ्या चढावर ती हिरवी जीप तुम्हीही पाहिली असेल. जीप दिसली असेलच असं नाही म्हणा. माणसं दिसली असतील. आत माणसं, मागच्या फळक्यावर माणसं, टपावर करंड्या आणि त्या करंड्या धरून बसलेली माणसं. त्या सगळ्यांच्या खाली कुठेतरी जीप असायची.

त्याचं नाव मी सांगत नाही. छापून आलं तर त्याची बायको म्हणेल, "आता तरी त्यास्नी निवांत पडू द्या." आणि वरच्या वाड्यांत त्याच्या नावाची गरजही कधी पडली नाही.

एकदा तो बुजगावण्यापुढे थांबला होता. दिवस मावळायला आलेला, धुकं उतरलेलं, आणि खाचराच्या कडेला एक हात वर करून कुणीतरी उभं. याने हॉर्न दिला. मग हाक दिली, "चला की, का रुसलात?" मागच्या मंडळींनी सवयीने सरकून जागासुद्धा केली. शेवटी गाडीतली एक म्हातारी म्हणाली, "आरं, त्ये माझ्याच वावरातलं हाय. त्याला न्हाई यायाचं कुठं." या गोष्टीवरून मी त्याला पुढे कितीतरी दिवस छळलं. तो म्हणायचा, "हसा मिस्तरी. खरा मानूस आसता तर?"

वरच्या वाड्यांची ती रीतच आहे. शेवटची गाडी वर निघाली की ती वाटेत कुणाला ठेवत नाही. ठेवलं तर त्या माणसाने अंधारात ओढे ओलांडत चढण चढायची. ही रीत सगळेच ड्रायव्हर पाळतात, पण जागा असेपर्यंत. याच्या गाडीत जागा नाही असं कधी झालंच नाही, ही सगळी पंचाईत होती.

पंचाईत माझी. राजूरच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे आणि ती जीप माझ्याकडेच यायची. माझा स्वभाव तिखट आहे, गिऱ्हाईक परत यावं म्हणून गोड बोलणं मला जमत नाही. "गाडीला मागे एक एक्सल असतो," मी त्याला म्हणायचो, "वडाच्या पारंब्या नसतात, खाली टेकायला." तो मान डोलवायचा आणि जाताना माझ्या गॅरेजसमोरच दोघांना उचलायचा.

मग एका पावसाळ्यात व्हायचं ते झालं. चढावर मागच्या डाव्या चाकाची एक्सलमधली दांडी मोडली आणि चाक दांडीच्या तुकड्यासकट बाहेर निघून दरीत गेलं. जीप बूड टेकून बसली. आत बाळंतीण होती, कुशीत पाच दिवसांचं पोर घेऊन दवाखान्यातून घरी निघालेली. शेजारी याची बायको, बाळंतिणीला धरून. देवाची कृपा, कुणाला खरचटलंही नाही. पण चाक कपारींवर आपटत खाली जातानाचा आवाज त्याच्या बायकोने बराच वेळ ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या गॅरेजात आली आणि स्टुलावर बसली. तो मागे उभा.

"मिस्तरी, ह्या गाडीचं चाक पुन्यांदा निघनार आसंल तर मी ती इकनार. न्हाई निघनार आसं काय घालता यील का, तेवढं सांगा."

त्याचा चेहरा उतरला होता. पावसाळ्यात वर जाणारी ती एकच गाडी. ती विकली तर आजारी माणूस डोलीतून खाली आणायचे दिवस परत आले असते. आणि हा कुणासाठी थांबला असता?

"स्वस्तातला उपाय आहे," मी म्हणालो. "निम्मी माणसं घ्या."

मी त्याला घरजावई व्हायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "निम्मी म्हंजी कोंची निम्मी, त्ये बी सांगा."

 शेवटी आम्ही तिघं टेम्पोत बसून नगरच्या भंगार बाजारात मजबूत एक्सल शोधायला गेलो.

पहिलाच एक्सल त्याच्या मनात भरला. मोठ्या पिकअपचा, चांगला जाडजूड. त्याने त्यावर थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. मी खडूने खुणा केल्या आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. मधल्या गोळ्यातल्या गिअरचे दात वेगळ्या हिशेबाचे निघाले. आमच्या चिखलाच्या चढाला चारी चाकं इंजिनाला जोडावी लागतात. पुढची जोडी एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने फिरायला लागली की ती एकमेकांशी भांडतात आणि भांडणात काहीतरी मोडतं, हे मी दोघांना समजावून सांगितलं.

"आमच्या घरचंच सांगाय लागलात," वहिनी म्हणाल्या.

दुसरा होता जीपचाच, कमी चाललेला. दोन तासांत बसला असता, मला सोयीचा. वहिनींनी एकच विचारलं, "ह्याची दांडी मोडली तर चाक ऱ्हातं का?"

"नाही."

"मंग फुडं चला."

तिसरा पार मागे पडला होता, ताडपत्रीखाली, गंजलेला. लष्कराच्या लिलावात निघालेल्या कुठल्याशा गाडीचा. हा त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि भंगारवाल्या चाचांना विचारायला लागला, ही गाडी कुठं होती, काय वाहायची. मी चिडलो. "एक्सल घ्यायला आलोय. सोयरीक जुळवायची नाही, घराणं विचारायला."

चाचा म्हणाले, बहुतेक पाण्याची टाकी ओढायची.

"पानी व्हायलंय," तो खूष होऊन म्हणाला. "म्हंजी कुनाला न्हाई म्हनलं नसंल."

मी पुन्हा खडू घेतला. यावेळी चाल आमच्या पुढच्या चाकांशी जुळली. मग मी वहिनींसाठी एक गोष्ट करून दाखवली. चाकाच्या मध्यावरचे नट खोलले आणि आतली अख्खी दांडी ओढून जमिनीवर ठेवली. चाक जागच्या जागी. मी ते फिरवलं, गर्रकन फिरलं. जीपच्या जुन्या एक्सलात दांडी चाकही फिरवते आणि वजनही पेलते, म्हणून दांडी गेली की चाक गेलं. यात वजन बाहेरची नळी पेलते, दांडीने फक्त फिरवायचं.

वहिनींनी पदर खोचला, चाक दोन्ही हातांनी धरून हिसडलं, मग पाय लावून ढकललं. ते हललं नाही.

"म्हंजी वझं नळीनं घ्यायचं आन दांडीनं नुसतं फिरायचं."

"हो."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजी मी नळी, आन ह्ये दांडी."

चाचांच्या बशीतला चहा सांडला. तो मात्र हसला नाही. जमिनीवरच्या दांडीकडे बघत म्हणाला, "दांडी मोडली तरी गाडी हुभी ऱ्हाती ना मिस्तरी? मंग झालं."

तो एक्सल बसवताना माझा घाम निघाला. जीपपेक्षा रुंद, त्यामुळे स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागल्या. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकवायला लागली आणि वाटेवरच्या लोकांच्या अंगावर चिखल उडायला लागला. त्यावर त्याने जुन्या टायरचे पदर कापून लावले. गाडी जड झाली, वेग कमी झाला. वहिनी मागे बसून स्वतः वर जाऊन आल्या आणि मग विकायचा विषय निघाला नाही.

मजबूत एक्सलचा त्याने काय उपयोग केला असेल, तुम्हीच ओळखा. आणखी माणसं घेतली. ओसरी मिळाली की पाय पसरायचेच. वर्षाच्या आत पाटे मोडून माझ्यापुढे हजर. मी तोंडाला येईल ते बोललो. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुमीच म्हनला हुता, लई मजबूत हाय."

पर्यटकांशीही त्याचं असंच. पुण्याच्या एका कुटुंबाने धबधबा बघायला जीप रिझर्व केली होती. वाटेत मोळ्या घेतलेल्या बायकांनी हात केला आणि हा थांबला. आम्ही पूर्ण गाडी केली आहे, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. "व्हय, पूर्न तुमचीच हाय," हा म्हणाला. "पर त्यांनी हात केलाय." ते गृहस्थ मोळी मांडीवर घेऊन बसले, आणि उतरताना त्यांच्या मुलीने त्या बायकांबरोबर फोटो काढून घेतला, असं तो सांगायचा. मोळीचं खरं असेल. फोटोचं मला माहीत नाही.

शेवटी शेवटी तो गॅरेजात आला की छातीवर तळवा ठेवून बसायचा. मी विचारलं की "ग्यास हाय" म्हणायचा. दवाखान्यात दाखव, म्हटलं. "दावतो की. भाताचं झालं की." दवाखान्याच्या दारापर्यंत तो लोकांना घेऊन किती वेळा गेला असेल. केसपेपर काढून आत गेला नाही.

मागच्या वर्षी पाऊस उघडल्यावर तो गेला.

जीप वहिनींनी ठेवली आहे. वाडीतलाच एकजण चालवतो. ऑइल बदलायला ती माझ्याकडे येते तेव्हा मी मागचा एक्सल उघडून बघतो. त्याला काही झालेलं नाही, आणखी वीस वर्षं होणार नाही. परवा वहिनी सोबत आल्या होत्या. त्याच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "दांडी मोडली मिस्तरी. गाडी हुभी हाय."  एवढी वर्षं त्या माणसावर मी ओरडलो, आणि आता गॅरेजसमोर कुणी हात केला की मीच रस्त्याकडे बघतो. मला त्याची फार आठवण येते.

तो गेला त्या दिवशी काय झालं ते मला मागे बसलेल्यांनी सांगितलं. दुपारची वेळ होती. गाडी नेहमीसारखी भरलेली, चढ अर्धा संपलेला. एका वळणाच्या पुढे त्याने वेग कमी केला, गाडी डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. सगळं सावकाश, रोज करायचा तसं.

मागच्यांनीही रोजच्यासारखंच केलं. पिशव्या मांडीवर घेतल्या, करंडी पायाखाली ढकलली आणि सरकले. फळक्याजवळच्या बाईने चढणाऱ्यासाठी हात बाहेर काढला. पुढून "सरका" ऐकू आलं नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जागा करून सगळे थांबले.

रस्त्यावर कुणी नव्हतं.