आधी तिचा घास

कुत्रीला घर मिळालं! इथे उत्तरेत, नदीच्या राजा घाटाच्या पायऱ्यांवरून मी तिला खरजेने भरलेली उचलून आणली तेव्हा तिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं, आणि आता रेल्वेत नोकरीला असलेल्या एका जोडप्याला ती हवी होती. जंताचं औषध, गोचीड-तापाची तपासणी, रेबीजची लस, सगळं झालं होतं. राहिलं होतं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन. त्याशिवाय मी कुत्री देत नाही, मग कुणी मला खाष्ट म्हणो. पण जोडप्याची बदली झालेली, दोन आठवड्यांनी रविवारी त्यांची गाडी. टाके दहाव्या दिवशी निघतात. मी बोटांवर दिवस मोजत घरभर नाचत होते.

सोमवारची वेळ मिळाली. "आज रात्रीपासून हिला कुणी खायला द्यायचं नाही," असं मी आदल्या दिवशीच सगळ्यांना दटावून ठेवलं. सकाळी दवाखान्यात टेबलावर चढवली आणि बयेने भडाभडा ओकलं. वरणभात, वर साजूक तूप!

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "बेहोशी में यही साँस की नली में जाता, तो जान जाती। अब गुरुवार को लाइए, खाली पेट।"

गुरुवार अधिक दहा म्हणजे नेमका गाडीचाच दिवस. आता एक दिवसही चुकून चालणार नव्हतं.

घरी येऊन मी कडाडले. सासरे भिक्षुकी करतात; त्या दिवशी पहाटेची एक पूजा आटोपून सकाळीच जेवले होते. ते शांतपणे म्हणाले, "अगं, कुत्र्याचा घास काढल्याशिवाय मी कधी जेवलोय का? तू म्हणालीस खायला देऊ नका. घास म्हणजे काय खायला देणं झालं?"

"एका घासाने एवढं ओकते ती?"

"आज दोन-चार जास्त घातले. बिचारीचं ऑपरेशन ना!"

कपाळ माझं! मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

गुरुवारी ते आपणहून रिक्षात येऊन बसले. "आज मी जेवणार नाही."

"बाबा, तुमच्या गोळ्या आहेत. काहीतरी खा."

"दूध घेतलंय. तिचा घास निघणार नाही, तर माझं पान कसं वाढशील?"

दिवसभर ते दवाखान्याच्या बाकावर माळ ओढत बसले. संध्याकाळी तिने शेपूट हलवली, वाटीभर पेज चाटूनपुसून खाल्ली, तेव्हा आम्ही दोघं लहान मुलांसारखे टाळ्या वाजवत होतो. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी टाके निघाले आणि संध्याकाळी ती गाडीत बसली. मला इतका आनंद झाला होता की रडूही आलं.

सोमवारी दुपारी सासरे पाटावर बसले, पण हात मांडीवरच. भात निवत चालला.

"फोन लाव त्यांना," म्हणाले. मी लावून त्यांच्या हातात दिला.

"उसने खाना खाया?"

पलीकडून हसत उत्तर आलं, "जी बाबूजी, अभी-अभी।"

"हं," म्हणाले, आणि पहिला घास उचलला.