साहेबांचं रीळ आणि मोटेचं चाक

देहूरोडच्या लष्करी डेपोत मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट; स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. बदली झालेल्या एका साहेबांनी जाताना मला मासे धरायची काठी आणि तिचं पितळी रीळ देऊन टाकलं. तेवढ्यानं मी स्वतःला अर्धा साहेब समजायला लागलो. नेमके तेव्हाच सासरे आमच्याकडे पुनावळ्याला आले. शेती सोडून लेखणी धरलेल्या जावयाला काही येतं तरी का, हे त्यांना बघायचं होतं. मी बायकोला ऐटीत सांगितलं, "तू नुसतं वाटण वाट. मासा मी आणतो."

पवनेच्या काठावर मी सासऱ्यांना रीळ समजावून दिलं. मूठ एकदा फिरवली की आतली फिरकी चारदा फिरते, दोरा भराभर गुंडाळला जातो. गळ फेकताना बाजूची कळ दाबायची. मग फिरकी मोकळी होते आणि शिशाच्या वजनाबरोबर दोरा सुटत जातो. साहेबांनी बजावलं होतं, फिरकीवर अंगठा हलका टेकलेला ठेवायचा आणि शिसं पाण्याला लागलं की दाबायचा. पण मी पडलो मोटेवर वाढलेला. मोट विहिरीत उतरताना चाकाला कुणी हात लावतं का? लावला तर बोट जायचं. साहेबलोकांना मोटेतलं काय कळणार, असं म्हणत मी अंगठा उचलला आणि गळ फेकला.

शिसं पाण्यात पडलं, दोरा थांबला. फिरकीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती गरगरत दोरा सोडतच राहिली, आणि बघता बघता रिळावर हा एवढा गुंता फुगला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मासं धरताय का सुगरणीचं खोपं इणताय?"

"पहिल्यांदा असंच होतं, मामा."

"व्हय व्हय. मग दुसऱ्यांदा कवा?"

दुसऱ्यांदा आलंच नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही गुंता सोडवत बसलो. म्हणजे ते सोडवत होते, मी टोक धरून होतो.

घरी बायकोनं माझे रिकामे हात पाहिले, वडिलांचा चेहरा पाहिला, आणि त्या वाटणात वांगी सोडली. जेवताना माझी मान ताटातून वर येईना. दोन घास खाऊन सासरे लेकीला म्हणाले, "नवरा हुशार हाय गं तुझा. एवढा मासा धरला, पर काटा एक न्हाई."

आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. तेव्हा कुठे मी ताटातून मान वर केली.