अनवाणी भांडणाऱ्या बाई

बाईंना राग आला की त्या पायातल्या चपला काढायच्या. मारायला नव्हे. शेजारी नीट जोडून ठेवायच्या आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. रिक्षा स्टँडवर, बँकेत, एकदा तर नगरसेवकाच्या ऑफिसात मी त्यांना असं अनवाणी उभं राहिलेलं पाहिलं आहे. "पाय जमिनीला लागल्याशिवाय मला नीट भांडता येत नाही," असं त्या म्हणत. डोंबिवलीत त्यांना सगळे 'नाचाच्या बाई' म्हणायचे, आणि मागून 'चक्रम'. दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

मी पाचवीत असताना आईने मला त्यांच्या क्लासला घातलं. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तो भरायचा. आईला वाटलं होतं, गॅदरिंगला उपयोगी पडेल असं काहीतरी शिकवत असतील. बाई शिकवायच्या आधुनिक नृत्य. घुंगरू नाहीत, मुद्रा नाहीत, बरेचदा गाणंही नाही. पहिले कितीतरी रविवार आम्ही नुसतं पडायला शिकलो. उभ्याने पडायचं, धावताना पडायचं, आणि पडलेल्या झोकातच उठायचं. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पडायला काय क्लास लावावा लागतो?" बाई म्हणाल्या, "तुम्ही पडून दाखवा. काही मोडलं नाही तर मुलीला खुशाल घेऊन जा." ते पडले नाहीत. मुलीला मात्र घेऊन गेले.

वैशाली नावाची एक मुलगी होती आमच्यात. एमआयडीसीतल्या एका कंपनीत आग लागली, त्या आगीत तिची आई गेली. त्यानंतर ती क्लासला यायची, पण भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. घरी सगळे तिला सांगत, "शहाणी ना तू? रडायचं नाही." बाई मात्र तिच्या शेजारी तशाच आडव्या व्हायच्या आणि तिथूनच आम्हाला सूचना द्यायच्या. एका रविवारी वैशालीने भिंतीला लाथ मारली. बाईंनीही मारली. मग दोघी मारतच सुटल्या. वैशाली मोठ्याने रडली, तिने आईला हाक मारली. भिंतीचे पोपडे पडले म्हणून पुढच्या आठवड्यात शाळेने हॉल काढून घेतला.

"पोपडे दिसले त्यांना. पोर नाही दिसली," बाई म्हणाल्या.

क्लास पुन्हा भरला नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या बाई पुण्याला जाऊन हालचालींतून उपचार करण्याचं शिक्षण घेऊ लागल्या. वर्गात बाकीच्या सगळ्या त्यांना मुली शोभतील अशा वयाच्या. "नाच सोडला का हो?" असं मी एकदा स्टेशनबाहेर विचारलं, तर केवढ्या उखडल्या! "सोडला नाही. आता ज्यांना कुणी स्टेजवर चढू देणार नाही, त्यांच्याबरोबर नाचणार आहे."

नंतर बऱ्याच वर्षांनी त्या मला भेटल्या त्या बाबांमुळे. बाबा केमिकल कंपनीत फोरमन होते, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून शिफ्टच्या शिफ्ट ओरडलेला माणूस. त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. येणारा जाणारा त्यांना लहान मुलासारखं म्हणायचा, "काका, हसा बघू!" बाबा भिंतीकडे बघत बसायचे. ठाण्याच्या नौपाड्यात अशा रुग्णांसाठी एका ट्रस्टचं केंद्र आहे, तिथे बाई येतात असं कळलं आणि मी त्यांना तिथे न्यायला लागले.

खुर्च्यांचं रिंगण असायचं. कुणाचे हात थरथरायचे, कुणाचा पाय ओढायचा. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या जनाआजी होत्या. त्यांचा मुलगा खाडीत बुडाला तेव्हापासून त्यांचा खांदा वर उचलला जात नव्हता, आणि डॉक्टरांना त्यात काही सापडत नव्हतं. बाई प्रत्येकाला विचारायच्या, "आज राग कुठे बसलाय?" मग कुणी छातीवर हात ठेवायचं, कुणी मानेवर. "राग हा आजार नाही हो. गिळून टाकला की आजार होतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

एक दिवस बाबांसमोर उकिडवं बसून त्या म्हणाल्या, "फोरमनसाहेब, मशीन बंद पडलंय आणि माणसं झोपा काढतायत. काय करणार?" बाबांचा डावा पाय जमिनीवर आपटला. "एवढ्याने कोण उठतंय?" पुन्हा आपटला. बाईंनी स्वतःचा पाय आपटला, जनाआजींनी आपटला, सगळं रिंगण आपटायला लागलं. आणि बाबांच्या घशातून आवाज निघाला, "ए!" कित्येक महिन्यांनी. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

नेमके तेव्हाच ट्रस्टी देणगीदारांना घेऊन आत आले, मोबाइलवर शूटिंग चालू. "अहो मॅडम, काहीतरी आनंदी घ्या ना. व्हिडिओत हे कसं दिसेल?"

बाई अनवाणीच होत्या, त्यामुळे वेळ गेला नाही. "हा माणूस आत्ता बोलला. तुम्हाला ऐकू नाही आलं? व्हिडिओ बंद करा आधी!"

पुढच्या आठवड्यात बाई नव्हत्या. 'लोकांना उदास करतात' म्हणून त्यांना येऊ नका सांगितलं होतं. त्यांच्या जागी पिवळ्या टी-शर्टातला एक उत्साही तरुण, फुगे आणि सिनेमाची गाणी. एका कार्यकर्तीने बाबांचे दोन्ही हात धरून त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. बाबांचा चेहरा मी पाहिला. तिचे हात बाजूला केले आणि बाबांना घरी घेऊन आले. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग बाई आमच्या घरी यायला लागल्या. बाबांना 'ए'नंतर 'नको' आलं आणि मग एक सणसणीत शिवी. मी ओशाळले. बाई टाळी देत म्हणाल्या, "अगं, शिव्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात. दार उघडलंय, येऊ देत!"

गेल्या वर्षी बाई अचानक गेल्या. हृदय बंद पडलं. त्याच ट्रस्टने त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटोला हार, मागे बॅनर: 'आनंदाचा झरा'. बाबांना विचारलं, तर ते "नको" म्हणाले. मी एकटी गेले. ट्रस्टी माइकवर सांगत होते, "मॅडम म्हणजे सदा हसतमुख. हे केंद्र म्हणजे त्यांचं कुटुंबच!" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुम्हीही दोन शब्द बोला. पॉझिटिव्ह."

मी माइक घेतला. "बाई हसतमुख नव्हत्या. चिडक्या होत्या, आणि चिडायला त्यांच्याकडे कारणं होती. त्यांना या हॉलमधून काढून टाकलं होतं, आणि ते कुणी काढलं तेही सांगते." एवढ्यात माइक बंद झाला. ट्रस्टी घाईघाईने म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्धता पाळू या."

सगळे उठायला लागले. जनाआजी आधीच उभ्या होत्या.

"मेलेल्या बाईच्या नावानं गप करतंस व्हय रं आमाना?" त्या म्हणाल्या. "माइक बंद केलास त केलास. आमाना ऐकाला येतंय. तू बोल गो पोरी."

मी सगळं सांगितलं.