बत्ती लागली का?

लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्सेच जास्त साठतात, यार! पवईतल्या आमच्या लॅबचे सगळे फ्रीझर भरलेत, पण सांगण्यासारखं सगळं फ्रीझरच्या बाहेरच घडतं.

आधी काम सांगते. आमच्या एका जीनला दोन प्रमोटर आहेत, म्हणजे दोन बटणंच. एकाने प्रोटीन आखूड बनतं, दुसऱ्याने लांब. स्पर्श जाणवायला नसांना लांबच लागतं. बटण चालतंय का ते बघायला आम्ही त्याला काजव्याचा जीन जोडतो. चाललं तर पेशी उजळतात! म्हणून आमच्याकडे गुड मॉर्निंग नाही, "बत्ती लागली का?"

*

माझी लागेचना. लॅब चालवणाऱ्या मॅडमना म्हटलं, "माझा प्रमोटर मेलाय."

त्यांनी चष्मा वर केला. "मेला नाहीये गं. तू उलटा चिकटवलायस. पाठ करून बसलाय बिचारा!"

*

पेशींना रविवारीही खाऊ घालावा लागतो. हेमा, आमची वर्सोव्याची कोळीण, स्वतःच्या साखरपुड्यातून उठून आली. फोटोवाल्याला म्हणाली, "थांब रे, माझ्या पेशी उपाशी आहेत!"

*

नवीन आलेल्याने 'नॉर्मल' नमुना म्हणून आपलं रक्त द्यायचं, ही आमची पद्धत. हेमाने कधीच दिलं नाही. कधी उपास, कधी सर्दी. आम्ही चिडवायचो, "घाबरट!"

मग कळलं. तिच्या बाबांच्या बोटांना काही जाणवत नाही. आजोबांचंही तसंच झालं होतं. लांब प्रोटीनचं बटण त्यांच्या घरातच मंद आहे, आणि ते आपल्यात आलंय का हे हेमाला बघायचंच नव्हतं. चिडवणं तिथेच बंद झालं.

*

एकदा हेमाचे बाबा लॅब बघायला आले. जन्मभर जाळी विणलेला माणूस, आता चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतो. दारातच कोणीतरी सवयीने विचारलं, "बत्ती लागली का?" हेमाने त्यांना त्याचा अर्थ समजावला, मग त्यांच्याच रक्तातून काढलेला प्रमोटर घातलेल्या पेशी उजेड मोजायच्या मशीनमध्ये ठेवल्या. आकडा आला, अगदी लहान.

"ह्यो माजा?"

"हो, बाबा."

"आनी तुजा?"

हेमा मशीनचं झाकण पुसायला लागली.

बाबांना चिमटा काढता येत नाही. त्यांनी तिचा हात ओढला, बोट तोंडात धरलं आणि कचकन चावलं.

"आई गं! बाबा!" हेमा केवढ्याने ओरडली!

बाबांनी मनगटाने डोळे पुसले आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "बाई, लागली बत्ती."